वहीतली गिऱ्हाइकं आणि मोबाइलवरची गर्दी

पत्र :

नमस्कार. आमचं कराडजवळ मिरची-मसाला कांडप आहे. 22 वर्षं झाली. फेब्रुवारी ते मे दारात रांगा असतात, मिरग निघाला की डंक, म्हणजे कुटायचं मशीन, झाकून ठेवतो. पाच वर्षांपूर्वी हंगामाला नऊ हजार किलो माल कुटला जायचा, गेल्या वर्षी सात हजारावर आला. किलोला 50 रुपये दर आहे. वीज, दोन बायकांची मजुरी, दुरुस्ती जाऊन वीसेक रुपये सुटतात. दोन किलोच्या खाली माल घेत नाही, थोडा माल मशीनलाच चिकटून बसतो. मुलगा बी.कॉम. झालाय. तो म्हणतो आता इन्स्टाग्रामवर आलंच पाहिजे. एका एजन्सीनं महिना 12 हजार सांगितलेत. जानेवारीपासून सहा महिन्यांचा करार, महिन्याला 12 रील आणि 10 हजार फॉलोअरची खात्री. हे म्हणतात, आपली गिऱ्हाइकं डबा घेऊन येणारी, ती काय मोबाइल बघून येतात? रोज जेवताना वाद होतो. मला स्वतःला व्हिडिओत यायची लाज वाटते. गिऱ्हाइकांच्या नावांच्या जुन्या वह्या मी पेटीत जपून ठेवल्यात, पण कमी होत चाललेली नावं बघून झोप लागत नाही. एजन्सीचा माणूस 20 तारखेला सही घ्यायला येणार आहे. काय करू?
– एक कांडपवाली, कराड तालुका

उत्तर :

ताई, नमस्कार.

20 तारखेला सही करू नका. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पण त्या माणसाला परत पाठवलं म्हणजे मुलगा चुकला आणि त्याचे वडील बरोबर निघाले, असा अर्थ घरात कुणी काढू नये. मुलाला जे दिसलंय ते खरं आहे. मोबाइलचा उपयोग तुमच्या धंद्याला आहे, आणि मोठा आहे. फक्त तो एजन्सी सांगतेय त्या जागी नाही.

आधी हिशोब करू. महिना 12 हजार म्हणजे सहा महिन्यांचे 72 हजार. तुम्हाला किलोमागे 20 रुपये सुटतात. म्हणजे नुसती एजन्सीची फी भरून निघायला 3,600 किलो माल जास्तीचा कुटावा लागेल. तुमचा अख्खा हंगाम सात हजार किलोंचा, त्यातून हाती राहतात एक लाख चाळीस हजार. त्यातले निम्म्याहून जास्त तुम्ही रीलसाठी देणार, आणि तेही जानेवारीपासून जूनपर्यंत. म्हणजे करारातला शेवटचा महिना तर डंक झाकल्यावरचा. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या हॉटेलला किंवा सराफाला हा खर्च परवडत असेल. तुमच्या धंद्याचं गणित वेगळं आहे आणि ते तुम्ही स्वतःच पत्रात इतकं नीट लिहिलंय, की मला फक्त गुणाकार करावा लागला.

आता त्या 10 हजार फॉलोअरबद्दल. कांडपाची रील छान चालते, यात शंका नाही. लाल मिरचीचा ढीग, डंकाचा ठोका, भाजलेल्या खोबऱ्याचा रंग. लोक ते थांबून बघतात. पण बघणारा नागपुरात असेल, दुबईत असेल, बेळगावात असेल. तो वाळवलेल्या मिरचीचं पोतं घेऊन तुमच्या दारात येणार आहे का? तुमचं गिऱ्हाईक फार तर पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघातलं. त्या परिघाबाहेरचे 10 हजार लोक म्हणजे जत्रेतली गर्दी. बघून आनंद होतो, गल्ल्यात काही पडत नाही. शिवाय 'खात्रीचे फॉलोअर' देणारे ते कुठून आणतात, हेही विचारा. पैसे मोजून खोटी खाती जोडून देणारा बाजार मोठा आहे, आणि खोट्या खात्याला चटणी लागत नाही.

मी स्वतः सांगलीत चौदा वर्षं कापडाचं दुकान चालवलं. फेसबुकवर दुकानाचं पेज काढलं, हळूहळू तीन हजार लाइक झाले. मला वाटायचं, दिवाळीचा माल आला की पोस्ट टाकायची, तीन हजार लोकांना कळेल. प्रत्यक्षात ती पोस्ट दिसायची शे-सव्वाशे जणांना. बाकीच्यांना दाखवायची तर पैसे भरा. हे चुकून होत नाही, या कंपन्यांचा धंदाच जाहिरातीचा आहे. पेज तुमचं असलं तरी कुणाला काय दिसेल हे तुमच्या हातात नसतं. ते कळल्यापासून लहान दुकानदाराला मी एकच विचारते : तुझ्या गिऱ्हाइकांचे नंबर तुझ्याकडे आहेत का?

तुमच्याकडे आहेत. म्हणजे नावं तरी आहेत, 22 वर्षांची.

इथे मला तुमच्या धंद्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चहावाल्याला गिऱ्हाईक रोज दिसतं, किराणावाल्याला महिन्यातून दोनदा. तुमच्याकडे बाई वर्षातून एकदा येते. तिच्या घरात त्या वर्षी लग्न निघालं, सासू आजारी पडली, मुलाची दहावी आली, की चटणी करायचं राहून जातं. मग ती पाकीट आणते. पुढच्या वर्षी पाकिटाची सवय झालेली असते. तुमच्यावर रागावून किंवा दुसऱ्या कांडपाकडे जाऊन सगळी गिऱ्हाइकं तुटत नाहीत. एका वर्षाचा खाडा पडतो आणि तो कुणाच्याच लक्षात येत नाही. तुमचे दोन हजार किलो कुठे गेले, याचं उत्तर बहुतेक इथे आहे.

दुसरं उत्तर घराच्या आकारात आहे. पूर्वी एका घरचा दहा-बारा किलोंचा डबा यायचा. आता त्या घरातला एक मुलगा हडपसरला, एक पिंपरीला. फ्लॅटला गच्ची नाही, मिरची वाळवायची कुठे? देठ काढायला चार बायका गोळा व्हायच्या, त्या नाहीत. दोघा-तिघांच्या घराला वर्षाला दीड-दोन किलो चटणी पुरते, आणि तुम्ही दोन किलोच्या खाली माल घेत नाही. चव तुमचीच हवी असलेलं माणूसही तुमच्या नियमामुळे बाहेर राहतं. तुमचा नियम मशीनच्या दृष्टीनं बरोबरच आहे. तो मोडायला मी सांगत नाही.

म्हणून मोबाइलकडून तुम्हाला दोन कामं करून घ्यायची आहेत. एक, वर्षातून एकदा येणाऱ्या बाईला नेमक्या आठवड्यात आठवण करून द्यायची. दोन, अर्धा-अर्धा किलोवाल्यांना गोळा करून डंकाला पुरेल एवढा माल एका दिवशी जमवायचा. बाकी सगळं नंतर.

पहिल्या कामाला व्हॉट्सॲप पुरतं. त्याचं बिझनेस नावाचं वेगळं ॲप आहे, फुकट आहे. त्यात दुकानाची वेळ, पत्ता, दरपत्रक टाकता येतं. तुमच्या घरातला नंबर त्यात अडकवू नका, दुकानासाठी वेगळं सिम घ्या. मग हा हंगाम फक्त नंबर जमवण्याचा समजा. डबा घेताना तुम्ही नाव आणि वजन लिहून घेताच, त्या शेजारी मोबाइल नंबरचा रकाना आखा आणि विचारा, "पुढच्या वर्षी मिरचीचा भाव कळवू का?" हो म्हणणाऱ्या बाईचाच नंबर घ्या. नको म्हणणारीला पुन्हा विचारायचं नाही.

यात एक खाच आहे, ती मुलाला नीट समजावून घ्यायला सांगा. ब्रॉडकास्ट यादीतून एकाच वेळी 256 जणांना निरोप जातो, आणि प्रत्येकीला तो स्वतंत्र आल्यासारखा दिसतो. पण ज्या बाईनं तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, तिला तो पोचतच नाही. अनेक दुकानदार इथे फसतात. हजार नंबर जमवतात, निरोप पाठवतात, आणि उत्तर येत नाही म्हणून व्हॉट्सॲपचा काही उपयोग नाही असं म्हणतात. तेव्हा डबा परत देताना तिच्या हातातला फोन घेऊन, तिच्यासमोर, तुमचा नंबर 'कांडप' या नावानं सेव्ह करून द्या. डब्याच्या झाकणावर नंबराचं छोटं स्टिकर लावा. तो डबा वर्षभर तिच्या स्वयंपाकघरात राहणार आहे. यापेक्षा चांगली जागा कुठल्याही जाहिरातीला मिळत नाही.

ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये एकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, कुणीतरी सुप्रभात टाकायला लागतं, आणि आठ दिवसांत निम्म्या बायका बाहेर पडतात.

सगळ्यांना जाणारे निरोप वर्षातून चार-पाचच. फेब्रुवारीच्या मध्यावर, नवी मिरची बाजारात आली की ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, गुंटूर यांचा त्या आठवड्यातला भाव. हा निरोप बायका पुढे पाठवतील, कारण तो कामाचा आहे. पाडव्यानंतर एक, गर्दी कुठल्या दिवशी कमी असते ते सांगणारा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटचा : पाऊस पंधरा दिवसांवर आला, राहिलेल्यांनी उरकून घ्या. मग श्रावणाआधी गोड्या मसाल्याचा, आणि दिवाळीला भाजणी दळून देत असाल तर तिचा. रोज काही ना काही पाठवत राहिलात तर लोक ब्लॉक करतात, आणि पुष्कळ जणांनी ब्लॉक किंवा तक्रार केली तर नंबरच बंद होऊ शकतो.

दुसरं काम, अर्ध्या किलोचं. हे मला सगळ्यात आशेचं वाटतं, म्हणून थोडं विस्तारानं लिहिते.

जुलै ते जानेवारी तुमचा डंक झाकलेला असतो. मजुरीच्या बायकाही घरी बसतात. या महिन्यांत अर्ध्या किलोवाल्यांनाच वेगळा निरोप द्या : "गुरुवारपर्यंत सांगा, रविवारी कांदा-लसूण चटणी कुटणार. अर्धा किलोपासून." प्रमाण एकच ठेवा, तुमचं स्वतःचं, फार तर मध्यम आणि तिखट असे दोन प्रकार. वीस घरांनी अर्धा-अर्धा किलो सांगितली की दहा किलो झाली. डंकाला माल मिळाला, मशीनला चिकटून वाया जाण्याचा प्रश्न मिटला, आणि ताजी चटणी रविवारी संध्याकाळी तयार. ऑर्डर न जमल्यास त्या आठवड्यात कुटायचं नाही. माल पडून राहत नाही, उधारी होत नाही. सोशल मीडिया नव्हता तेव्हा हे करता आलं नसतं. वीस घरं शोधत फिरण्यात जेवढे पैसे गेले असते, तेवढे चटणीत सुटले नसते. आता एका निरोपात वीस घरं एका दिवशी एकत्र येतात. लहान धंद्याला या माध्यमाची खरी किंमत मला इथे दिसते. अनोळखी दहा हजारांपेक्षा ओळखीचे वीस जण एकाच रविवारी हवे असतात.

आणि इथे तुमची कमाई किलोला 20 रुपये राहत नाही. कांडपात मिरची गिऱ्हाइकाची असते, तुम्ही फक्त कुटण्याचे पैसे घेता. चटणीत मालही तुमचा. मिरची, धणे, खोबरं, तीळ, कांदा, लसूण, तेल, मीठ, गरम मसाला, मजुरी, पाकीट, सगळं एकेक धरून भाव काढा. लसणाचा भाव वर-खाली फार होतो, तो धरताना हात राखू नका. पहिल्या तीन रविवारी कागदावर मांडा आणि मगच दर ठरवा.

पण माल तुमचा झाला की तुम्ही खाद्यपदार्थ विकणारे होता. त्याला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, आणि मिळालेला 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. शिवाय घटक पदार्थ, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावी ती तारीख, किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी नंबर आणि शाकाहाराची हिरवी खूण. आधी नोंदणी, मग पहिलं पाकीट. इन्स्टाग्रामवर घरगुती मसाले विकणारी पुष्कळ खाती यातलं काही पाळत नाहीत, ते बघून मुलगा म्हणेल, कुणी विचारत नाही. तुम्ही तसं करू नका. 22 वर्षांचं नाव आहे तुमचं.

आता लाज वाटण्याबद्दल. ताई, तुमचा चेहरा दाखवायची काहीच गरज नाही. तुमचे हात दाखवा. मिरची नीट वाळलीय की नाही हे तुम्ही देठ मोडून, आवाजावरून ओळखत असाल. ते दाखवा. रोज दहा बायका विचारतात, पाच किलोला ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती घालू? रंगाला कुठली, झणक्याला कुठली? खोबरं किती भाजायचं, कांदा तळायचा की वाळवायचा, मीठ डंकात टाकायचं की नंतर? तुमच्या दारात बसल्या बसल्या जी उत्तरं देता, तीच अर्ध्या मिनिटात बोला आणि मुलानं फक्त हातांवर आणि मिरचीवर कॅमेरा धरावा. पुण्यात वाढलेल्या तुमच्या गिऱ्हाइकांच्या सुनांना हे कुणी शिकवलेलं नाही. सासूला विचारायचा संकोच वाटतो. तुमचा तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्या जपून ठेवतील. वर सिनेमाचं गाणं लावू नका. धंद्याच्या खात्याला इन्स्टाग्रामवर पुष्कळशी गाणी मिळतही नाहीत, आणि डंकाच्या ठोक्याइतकं चांगलं संगीत तुम्हाला शोधून सापडणार नाही.

आणखी एक करा. एखादी बाई डबा ठेवून गेली आणि तिचा माल कुटला जात असला, तर वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. डब्यावरची नावाची चिठ्ठी दिसू द्या, आणि तो फक्त तिला पाठवा. इतर कुठे टाकायचा नाही. कांडपावर लोक येतात ते समोर कुटून मिळतं म्हणून. आपली मिरची आपल्यालाच परत मिळेल, त्यात भेसळ होणार नाही, हा भरवसा. शेतातली कामं सोडून चार तास बसायला वेळ नाही म्हणून ज्या बायका पाकिटाकडे वळल्या, त्यांना तुम्ही न बसताही समोर कुटल्याचा भरवसा देऊ शकता. ती बाई तो व्हिडिओ बहिणीला, जावेला, हडपसरच्या लेकीला पाठवेल. घराघरातले हे ग्रुपच तुमची जाहिरात करतील.

शूटिंगच्या आधी भिंती झाडून घ्या. कॅमेऱ्याला कोपऱ्यातलं जाळंही दिसतं. काम करणाऱ्या बायकांच्या डोक्याला रुमाल, नाकाला फडकं हवं, ते त्यांच्या छातीसाठीही हवंच. आणि रांगेत बसलेल्या बायकांना न विचारता व्हिडिओत घेऊ नका. एकीला जरी ते आवडलं नाही तरी तिची सगळी आळी यायची बंद होते.

गुगल मॅपवर कांडपाची जागा नोंदवा. इन्स्टाग्रामच्या आधी हे काम करा, पैसे पडत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी आलेली लेक, नव्यानं बदली होऊन आलेले शिक्षक, महामार्गावरून गावाकडे निघालेलं कुटुंब 'मिरची कांडप कराड' असं शोधतं, तेव्हा तुमचं नाव, नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. ज्याला आत्ता कांडप हवंच आहे, तो तिथे शोधतो. रील बघणारा नुसता वेळ घालवत असतो. वेळ आणि सुट्टीचा वार खरा लिहा. हंगामाबाहेर बंद असाल तर तसं लिहा, नाहीतर मिरची घेऊन आलेला माणूस कुलूप बघून कायमचा परत जातो. जुन्या गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांगा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नका आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून खोटे लिहून घेऊ नका. कुणी वाईट लिहिलं तर दोन ओळींत नम्र उत्तर द्या. नोंदणी झाल्यावर "गुगलकडून बोलतोय, पैसे भरा नाहीतर नाव काढू" असे फोन येतील. ते फसवे असतात, फोन ठेवून द्यायचा.

फसवणुकीचं निघालंच आहे तर आणखी एक. नंबर सगळीकडे दिसायला लागला की मोठ्या ऑर्डरचे फोन येतील. "लष्करी तळावरून बोलतोय, 50 किलो चटणी हवी, पैसे आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." हा प्रकार देशभर लहान दुकानदारांबरोबर घडलेला आहे. पैसे घ्यायला कधीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा. चुकून झालंच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा.

आता मुलासाठी. त्याला इन्स्टाग्राम जरूर चालवू द्या, पण ते खातं त्याच्या नाहीतर तुमच्या ईमेलवर आणि नंबरवर असलं पाहिजे. माझ्या धाकट्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान आहे. तिनं एका एजन्सीला काम दिलं, त्यांनी खातं स्वतःच्या ईमेलवर काढलं. वर्षानं तिनं करार थांबवला आणि वर्षभराचे ब्लाऊजचे सगळे फोटो, गिऱ्हाइकांचे सगळे संदेश खात्याबरोबर गेले. ती रडत माझ्याकडे आली होती. त्या दिवशी मी ठरवलं, ज्याला ज्याला हे सांगता येईल त्याला सांगायचं.

आणि खातं स्वतःचं असलं तरी ती जागा परक्याची असते. 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुला-मुलींची कमावलेली ओळख एका रात्रीत पुसली गेली. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम बंद पडलं, सहाएक तास. तिन्ही एकाच कंपनीची आहेत. म्हणून दर महिन्याला मुलानं सगळे नंबर वहीत उतरवायचे, हातानं. मोबाइल हरवला, खातं बंद पडलं, तरी धंदा वहीतून पुन्हा उभा राहतो.

जाहिरातीवर पैसे खर्च करूच नयेत, असं मी म्हणत नाही. मार्चमधले दोन आठवडे निवडा. तुमच्या गावापासून वीस किलोमीटरचा परीघ, मराठी मजकूर, आणि जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडेल अशी सोय. तीन हजार रुपये, वर 18 टक्के जीएसटी, एवढंच. त्या दोन आठवड्यांत आलेल्या प्रत्येक नव्या बाईला विचारा, "कुठून कळलं?" आणि वहीत नावापुढे एक अक्षर लिहा. ज = जाहिरात, ग = गुगल, व = व्हॉट्सॲप, श = शेजारीण. महिनाअखेर अक्षरं मोजा. तीन हजार 540 रुपये भरून निघायला किलोमागे 20 रुपयांनी 177 किलो माल 'ज' नं आणलेला असला पाहिजे. आणला असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा करा. नसेल तर तो खर्च थांबवा. लाइक किती आले हे या वहीत लिहायचंच नाही.

खाण्याचे व्हिडिओ करणारे कुणी आले आणि पैसे मागितले, तर सध्या नको म्हणा. कुणी पैसे घेऊन व्हिडिओ केलाच तर ती जाहिरात आहे असं त्यानं स्पष्ट सांगितलं पाहिजे, ग्राहक व्यवहार खात्याच्या 2023 च्या सूचना तशा आहेत.

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. डबा घेऊन येणारी गिऱ्हाइकं मोबाइल बघून येत नाहीत, हे ते अनुभवानं बोलतात. पण जी यायची थांबली, ती घरी बसून मोबाइलच बघताहेत. त्यांना निरोप कुणी पाठवायचा? यजमानांना एक काम द्या. दर आठवड्याला बाजारातला मिरचीचा भाव त्यांनी स्वतःच्या आवाजात, अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड करून द्यावा. मिरची पारखायला 22 वर्षं घालवलेल्या माणसाचा आवाज गिऱ्हाइकांना ओळखीचा असेल. मुलानं तो स्टेटसवर ठेवावा. दोघं एका कामाला लागले की जेवतानाचा वादही कमी होईल असं मला वाटतं.

एजन्सीच्या माणसाशी तुटक वागू नका. चहा द्या आणि विचारा, सहा महिन्यांऐवजी एका दिवसाचं काम करून देता का? गुगलची नोंद, व्हॉट्सॲपचं दरपत्रक, डब्यावरच्या स्टिकरची रचना आणि मुलाला दोन तासांचं शिक्षण. त्याचे रास्त पैसे द्या. तयार झाला तर उत्तम. नाही झाला तर हे सगळं मुलाला चार-पाच दिवसांत स्वतः जमेल.

नवीन फोन घेऊ का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगा विचारेल. आहे तो पुरे. सकाळी नऊच्या आत, दाराजवळच्या उजेडात व्हिडिओ घ्या, भिंग फडक्यानं पुसून. मिरचीची पूड त्यावर बसते.

आणि त्या पेटीतल्या वह्या आजच बाहेर काढा. शेवटच्या पाच वर्षांच्या शेजारी शेजारी ठेवा. जी नावं आधी दर वर्षी होती आणि गेल्या वर्षी नाहीत, त्यांच्यावर लाल पेननं खूण करा. त्यातल्या निम्म्या बायकांची घरं तुम्हाला माहीत असतील, तिथून नंबर मिळवा. फेब्रुवारी लागायच्या आत त्यांना फोन करा, निरोप पाठवू नका, फोनच करा. धंद्याचं बोलायच्या आधी विचारा की गेल्या वर्षी आला नाहीत, घरी सगळं बरं आहे ना.